पाणी कशाने बाटते?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले नाही. त्यांचे विद्यार्थी मात्र मला भेटले आहेत, आणि त्यांच्या तोंडून गुरुजींविषयी जे ऐकले त्यावरून एक गोष्ट निश्चित समजली. गुरुजींना मोठ्या शब्दांचा तिटकारा होता. फळ्यावर मोठा शब्द लिहिला की त्याखाली ते एखादी साधी वस्तू काढून दाखवीत. आज संयोजकांनी मला जो विषय दिला आहे त्यात सगळेच शब्द मोठे आहेत : विज्ञान, तंत्रज्ञान, प्रगती, शांतता, मानवी हक्क. चाळीस वर्षे मराठी शिकविलेल्या माणसाने या विषयावर बोलावे ही जराशी आगळीकच होय. तेव्हा गुरुजींची रीत पत्करून मी या पाच शब्दांखाली एकच वस्तू काढणार आहे. ती म्हणजे पाण्याने भरलेली घागर.

या विषयाचे शीर्षक कोठून आले हे प्रथम सांगतो. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या सत्ताविसाव्या कलमात असे म्हटले आहे, की विज्ञानाच्या प्रगतीत आणि तिच्या लाभांत सहभागी होण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. तीन वर्षांपूर्वी हिरोशिमावर बाँब पडलेला होता. विज्ञानाने काय होऊ शकते हे पाहिलेल्या पिढीने लिहिलेले हे कलम आहे. पुढे १० नोव्हेंबर १९७५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एक स्वतंत्र घोषणापत्रच काढले. विज्ञान-तंत्रज्ञानाची फळे शांततेसाठी वापरावीत, ती समाजाच्या सर्व थरांपर्यंत पोहोचवावीत आणि माणसाचे हक्क हिरावण्यासाठी त्यांचा उपयोग होऊ देऊ नये, असा त्याचा आशय. आणि २८ जुलै २०१० रोजी त्याच आमसभेने पिण्याचे स्वच्छ पाणी हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. १२२ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, ४१ तटस्थ राहिली, विरोधात एकही गेले नाही. भारत अनुकूल बाजूस होता. घागर आणि जाहीरनामा यांचा संबंध असा अधिकृतपणे जोडला गेला.

पाण्याचे शास्त्र आपल्या या जिल्ह्याला मुळीच नवे नाही. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पावसाचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत गोळा करायचे, बोगद्याला अगदी अल्प उतार द्यायचा आणि कोणतेही यंत्र न लावता, केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बळावर ते शहरापर्यंत न्यायचे, ही ती विद्या. ठिकठिकाणी वर उघडणाऱ्या कुंड्या हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी. अशा शंभरावर कुंड्या एका ओळीत होत्या. सुमारे ऐंशी फूट खाली उतरले, की भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले दिसतात आणि पायांखाली पाणी वाहत असते. १६१५ साली अब्दुल रहीम खानखाना बऱ्हाणपुरी असताना तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूशास्त्रज्ञाने हे काम उभे केले. ज्यांचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात शिकलो तेच हे रहीम. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचे नाव गेले.

एक गोष्ट मात्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा एकत्र सांगितली जात नाही. याच काळात रहीमांचा दक्षिणेतला प्रतिस्पर्धी मलिक अंबर हा होता. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा आधारस्तंभ बनलेला हा पुरुष. दोघांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडत होत्या. आणि त्याच सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली. तत्त्व तेच, विद्या तीच. दोन शत्रूंच्या राजधान्या एकाच शास्त्राचे पाणी पीत होत्या. तोफा ज्याच्या त्याच्या होत्या, पण पाण्याची विद्या दोघांची सामाईक होती. शांतता आणि विज्ञान यांच्या नात्याचे इतके जवळचे उदाहरण असताना आपण ते दूरदेशी का शोधतो, न कळे.

तथापि भंडाऱ्याचे कौतुक करताना हेही विसरू नये, की ते पाणी नगरासाठी आणि छावणीसाठी होते. खेड्यांनी आपापले झिरे आणि विहिरी यांवरच भागविले. आणि विहीर म्हटली की आपल्या भाषेतला एक शब्द आडवा येतो. तो शब्द म्हणजे ‘बाटणे’.

भाषेचा अभ्यासक म्हणून मी या शब्दापाशी पुष्कळदा थांबलो आहे. मराठीत पाणी गढूळ होते, नासते, खारट होते, शेवाळते. या साऱ्या क्रिया डोळ्यांना दिसतात, जिभेला कळतात. पाणी ‘बाटते’ तेव्हा मात्र त्यात काहीही दिसत नाही. रंग तोच, चव तीच, वास तोच. बदल पाण्यात झालेला नसतो. तो पाहणाऱ्याच्या मनात झालेला असतो, आणि तरीही क्रियापद पाण्याला लावलेले असते. भाषा कधी कधी अशी खोटी साक्ष देते.

माझे बालपण खानदेशातल्या एका लहान गावी गेले. गावाचे नाव सांगत नाही, कारण तशी गावे त्या काळी शेकड्यांनी होती. आमच्या विहिरीला रहाट होता, दोर होता, पोहरा होता. विहिरीपासून काही पावलांवर रिकाम्या घागरी घेऊन काही बायका उभ्या राहत. त्या दोराला हात लावीत नसत. कोणी सवर्ण बाई येई, तिच्या मनात आले तर ती आपला पोहरा वरूनच त्यांच्या घागरीत ओती. मनात आले नाही तर त्या उन्हात तशाच उभ्या राहत. मी सात-आठ वर्षांचा असेन. एकदा मी आईला विचारले, ‘यांनी दोर धरला तर काय होईल?’ आई म्हणाली, ‘पाणी बाटेल.’ मी वाकून विहिरीत पाहिले. कबुतरे आत घरटी करून होती, त्यांची विष्ठा पाण्यावर तरंगत होती. तिने पाणी बाटत नव्हते. त्या वर्षी गावात पटकी आली. त्या विहिरीचेच पाणी सारे पीत होते, आणि ज्यांना विहिरीला हात लावायची मुभा होती त्यांच्या घरांतूनही प्रेते निघाली.

पाणी खरोखर कशाने बाटते, हा प्रश्न विज्ञानाने सोडविला त्यालाही फार काळ लोटलेला नाही. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीने माणसे पटापट मरू लागली. जॉन स्नो या डॉक्टराने कोणत्या घरात किती मृत्यू झाले याची नोंद घेतली आणि मृत्यू एका सार्वजनिक पंपाभोवती गोळा झाले असल्याचे दाखवून दिले. त्याच्या आग्रहावरून पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. जंतूची कल्पना तेव्हा वैद्यकात रुजलेली नव्हती. दूषित हवेने पटकी होते असेच मोठमोठे वैद्य मानीत होते. तीस वर्षांनी, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉख याने कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखविला. म्हणजे पाणी ‘बाटण्या’चा खरा अर्थ आपल्याच देशातल्या तळ्यावर सिद्ध झाला. पाणी मानवी मलाने बाटते. माणसाच्या हाताला जात नसते, मळ मात्र असू शकतो, आणि तो कोणाच्याही हाताला असू शकतो.

इतके कळल्यानंतर प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा इथेच आहे.

कॉखच्या शोधानंतर बरोबर त्रेचाळीस वर्षांनी महाड येथे काय घडले ते पाहा. पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता तो १८६८ साली, पण ते एका माणसाचे धैर्य होते. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले केले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागद तयार होता, तळे तयार होते, तहानही होती. परंतु त्या तळ्यावर कोणी अस्पृश्य जाऊ शकत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर त्या लोकांवर हल्ला झाला आणि तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. शुद्धी कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी पाण्यात ओतून. कॉखने हे पाहिले असते तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असता. ज्या पाण्यात काहीही बिघडले नव्हते त्यात शेण कालवून ते शुद्ध झाल्याचे जाहीर करण्यात आले.

पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादि काळापासूनची असल्याचे सिद्ध झालेले नाही. दहा वर्षे लागली. डॉ. आंबेडकरांनी महाडलाच स्पष्ट केले होते, की या तळ्याचे पाणी प्याल्याने आम्ही अमर होणार नाही, आम्ही आलो आहोत ते समतेची कसोटी लावण्यासाठी. त्यांच्या दृष्टीने प्रश्न पाण्याच्या रसायनाचा नव्हताच. आपल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा नामनिर्देश आढळतो, त्यामागे हीच माणसे आणि हेच तळे आहे. एका देशाच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात ‘विहीर’ हा शब्द यावा, ही गोष्ट परदेशी वाचकाला चमत्कारिक वाटेल. आपल्याला वाटू नये.

आता यंत्राकडे वळू. १९७२ चा दुष्काळ मला चांगला आठवतो. मी नुकताच शिक्षण संपवून बाहेर पडलो होतो. विहिरी तळाला गेल्या होत्या. आपला दख्खनचा काळा पाषाण फोडून विहीर खोल करायची तर सुरुंग लावावे लागत. (युद्धात पूल उडविणारी दारू आणि आपल्याकडे विहीर खोदणारी दारू ही एकच, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.) त्यात महिने जात. त्या काळात गावोगाव बोअरिंगची यंत्रे आली. दाबलेल्या हवेच्या जोरावर कठीण दगड फोडणारी ती यंत्रे एक-दोन दिवसांत दीडशे फूट खाली जात. अशी यंत्रे युनिसेफने भारतात १९६७ च्या दुष्काळापासून आणण्यास आरंभ केला होता. भोक पडे, पाणी लागे, त्यावर हातपंप बसे, आणि काही आठवड्यांत तो मोडे.

का मोडे? ते बिडाचे पंप परदेशी नमुन्यावरचे होते. एखाद्या शेतमळ्यावर एका कुटुंबाने दिवसातून दहा-वीस वेळा दांडा हलवावा, अशा हिशेबाने ते घडविलेले. आपल्याकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत सारे गाव त्याच्यावर तुटून पडे. या अडचणीवर जो तोडगा निघाला तो आपल्या मराठी मुलखातून निघाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जालन्याच्या मिशनमधील लोकांनी लोखंडी पत्र्याचा एक मजबूत पंप तयार केला, त्याला जालना पंप म्हणत. त्यानंतर सोलापूरला ऑस्कर कार्लसन या स्वीडिश गृहस्थाने त्यात मोठी सुधारणा केली. हा सोलापूर पंप. दांड्याच्या टोकाला पाव वर्तुळाचा तुकडा, त्यावरून जाणारी साखळी, आणि त्या साखळीला टांगलेली सळई. दांडा कसाही हलवा, सळई सरळ उभीच राहते, घासत नाही. फिरण्याच्या जागी बंद बेअरिंग, म्हणजे रोज तेल घालायला नको. पुढे युनिसेफ, सरकार आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास हा कारखाना यांनी मिळून या नमुन्यावरून ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध केला आणि १९७७-७८ च्या सुमारास त्याचे उत्पादन सुरू झाले. आपण ज्याला हापसा म्हणतो तो हाच.

या हापशाचा एक गुण पुस्तकांत कमी सांगितला जातो. त्याचा नमुना कोणाच्या मालकीचा नाही. कोणत्याही कारखान्याने तो बनवावा, मानक पाळावे, इतकीच अट. म्हणून तो आफ्रिकेतल्या खेड्यांतही गेला आणि लाखोंच्या संख्येने गेला. सत्ताविसाव्या कलमात ‘लाभांत सहभाग’ म्हटले आहे त्याचा अर्थ मला तरी हापशाकडे पाहूनच कळला. शोध लागला आणि त्याला कुंपण पडले नाही.

आणि हापशाने बाटण्याच्या कल्पनेला मोठा धक्का दिला. विहिरीत पोहरा बुडतो, दोर ओला होतो, एकाचे भांडे दुसऱ्याच्या पाण्याला लागते. हापशाचे पाणी दोनशे फूट खाली बंद नळीत असते. वर कोण उभे आहे याचा त्याला पत्ता नसतो. लोखंडी दांड्याला शिवाशिव शिकविणे अवघड असते. मला वाटले होते, की विहिरीवरचा तो जुना देखावा आता संपणार.

काही ठिकाणी तो संपला. परंतु बऱ्याच ठिकाणी समाजाने एक वेगळी युक्ती काढली. गावात एक हापसा आणि वस्तीत दुसरा हापसा. कोणाला उन्हात उभे राहावे लागत नाही, कोणाचे भांडण नाही, कोणाची तक्रार नाही. सरकारी अहवालात दोन्ही हापसे ‘पाण्याची सोय’ म्हणून नोंदले गेले. मी असा हिशेब मांडणाऱ्या अधिकाऱ्यांना दोष देत नाही, तहानलेल्याला आधी पाणी हवे. पण एक गोष्ट मनाला टोचते. महाडमध्ये जो प्रश्न चव्हाट्यावर आला होता तो तंत्रज्ञानाने सोडविला नाही, त्याने तो विचारण्याची गरजच काढून घेतली. दोन हापशांनी तहान भागली आणि अंतर पक्के झाले. ही शांतता खरी मानावी काय, याविषयी माझ्या मनात आजही शंका आहे. वस्तीतला हापसा आटतो, त्या उन्हाळ्यात या शांततेची परीक्षा होते.

याच्या उलट दिशेचे एक उदाहरण उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्याचे आहे. १९९० च्या दशकात तेथे महिला समाख्या या कार्यक्रमातून खेड्यातल्या स्त्रियांना हातपंप दुरुस्त करण्याचे शिक्षण देण्यात आले. त्यांत दलित आणि कोल आदिवासी स्त्रिया पुष्कळ होत्या. अनेकींना अक्षरओळख नव्हती. पान्हा हातात घेऊन जड नळ्या वर ओढणे, आतला वायसर बदलणे, पुन्हा जोडणी करणे हे त्या शिकल्या. पंप मोडला की त्यांना बोलावणे येऊ लागले. ज्या हातांनी पाणी बाटते असे म्हणत, त्याच हातांवाचून पाणी वर येईना. यंत्र तेच होते. ते कोणाच्या हाती होते याने सारा फरक पडला.

आता एका लहानशा बाटलीची हकीकत सांगतो. ती आपल्याच राज्यातली आहे. ग्वाल्हेरला संरक्षण खात्याची एक संशोधन प्रयोगशाळा आहे. तेथील मांजा, मौर्य आणि राव या तीन शास्त्रज्ञांनी १९८२ साली पाण्याच्या तपासणीची एक अगदी सोपी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. बाटलीत रसायनात भिजवून वाळविलेला कागद ठेवायचा. खुणेपर्यंत पाणी भरायचे. झाकण लावून उबदार जागी बारा ते अठरा तास ठेवायचे. पाण्यात मलाचे जंतू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, त्याचा बाटलीतल्या लोहाशी संयोग होतो आणि पाणी काळे पडते. जंतू नसतील तर रंग बदलत नाही. मोठ्या प्रयोगशाळेतल्या कसोटीची जागा ही बाटली घेऊ शकत नाही, काळे पडलेले पाणी पुन्हा तपासावेच लागते. पण तिला वीज लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागत नाही, पदवीही लागत नाही.

सैन्याच्या प्रयोगशाळेत जन्मलेली ही कसोटी खेड्यातल्या बाईच्या हाती आली. १९७५ च्या घोषणापत्रातले ‘शांततेसाठी विज्ञान’ हे शब्द याहून नेमकेपणाने कोठे उतरले असतील असे मला वाटत नाही. माझ्या आईला ही बाटली मिळाली असती तर! ‘पाणी बाटेल’ असे ती म्हणाली तेव्हा मी बाटली भरून ठेवली असती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आमच्या आईला सांगती, की पाणी आधीच बाटलेले आहे, आणि त्या उन्हातल्या बायकांनी नव्हे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा ‘हर घर जल’ असे प्रमाणपत्र मिळालेला देशातला पहिला जिल्हा ठरला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन अभियान जाहीर झाले तेव्हा जिल्ह्यातील ग्रामीण १,०१,९०५ घरांपैकी ३७,२४१ घरांत नळ होता. तीन वर्षांच्या आत सर्व २५४ गावांच्या ग्रामसभांनी आपल्या गावी घरोघर नळ आल्याचे ठराव केले. दरमाणशी दररोज ५५ लिटर हे या अभियानाचे माप आहे. ज्या बाईने आयुष्यभर डोक्यावर हंडा वाहिला तिला घरात तोटी आली, याचे मोल आकड्यांत सांगता येणार नाही. ज्या मुलीला पाणी भरण्यासाठी पहिल्या तासाला उशीर होई ती आता वेळेवर वर्गात बसत असेल, तर शाळेच्या दृष्टीने हा नळ शिक्षणाच्या हक्काचाही भाग ठरतो.

नळाचे श्रेय मी उणे करू इच्छित नाही. घरोघर नळ झाला म्हणजे पाणवठ्यावरचे अंतर संपले, निदान वरवर तरी. पण नळ हे एक यंत्र आहे आणि यंत्र मोडते. मोटार जळते, नळी फुटते, टाकीत गाळ साठतो. तेव्हा कोणत्या गल्लीचे पाणी आधी बंद होते आणि कोणत्या गल्लीचे आधी सुरू होते, हा प्रश्न पुन्हा जुन्या विहिरीचा प्रश्न होतो. अभियानाच्या नियमांत याचा विचार आहे. गावच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि पाव भाग लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जाती-जमातींसारख्या दुर्बल घटकांचा असावा, असे त्यात सांगितले आहे. प्रत्येक गावात पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यावे, असेही आहे. माझी येथील माजी विद्यार्थ्यांना एवढीच विचारणा आहे, की आपल्या गावच्या समितीत कोण आहे हे आपण कधी जाऊन पाहिले आहे काय? तिची बैठक भरते काय? भरली तर वस्तीतली बाई तिथे बोलते, की अंगठा उठवून घरी जाते? तपासणीच्या पेटीला कुलूप असते, की ती उघडली जाते? निमाडी, मराठी, कोरकू अशा तीन भाषा बोलणाऱ्या या तालुक्यात बैठकीची भाषा कोणती असते, हाही क्षुल्लक प्रश्न नव्हे.

याहून खोल एक प्रश्न आहे, अक्षरशः खोल. नळाच्या टाकीत जे पाणी येते ते पुष्कळ ठिकाणी जमिनीतूनच येते, आणि त्याच जमिनीतून केळीच्या बागांसाठी पाणबुडी मोटारी पाणी उपसतात. केळीने या तापीखोऱ्याला समृद्धी दिली हे निर्विवाद. पण ज्याची बोअर खोल त्याचे पाणी, असा व्यवहार चालू झाला. आपला कायदाही त्याला अनुकूल आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा अधिकार जमीनमालकाला मिळतो. संविधानाने विहीर सर्वांना खुली केली ती सार्वजनिक विहीर. दरम्यान पाणी सार्वजनिक विहिरीतून निघून खाजगी बोअरमध्ये गेले. हक्क वर राहिला आणि पाणी खाली उतरले. शेजाऱ्याच्या सहाशे फुटी बोअरने ज्याचा हापसा कोरडा पडला, त्याला कोणी हाताला धरून हाकलले नाही, कोणी शिवी दिली नाही. तरी त्याची घागर रिकामीच.

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांनी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार केला. खारिया गुटीघाट येथे तापीचे पाणी अडवून ते कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी न्यायचे आणि तेथे जमिनीत मुरू द्यायचे, अशी ही कल्पना आहे. पायथ्याच्या त्या दगडगोट्यांच्या पट्ट्याला भूशास्त्रज्ञ बझाडा म्हणतात. तेथे पाणी वेगाने मुरते. तबकुतुल अर्जने पायथ्याशी मुरलेले पाणी बोगद्यांत गोळा केले, आता तिथे पाणी नेऊन मुरवायचे आहे. चारशे वर्षांनी तेच शास्त्र उलट्या बाजूने. एकूण ३१.१३ अब्ज घनफूट पाणी, मध्य प्रदेशात १,२३,०८२ हेक्टर आणि महाराष्ट्रात २,३४,७०६ हेक्टर क्षेत्राला लाभ, असे योजनेचे आकडे आहेत. लाभणाऱ्या तालुक्यांत बऱ्हाणपूर, नेपानगर, खालवा आणि आपले खकनार आहे. नदीच्या पाण्यावरून राज्ये वर्षानुवर्षे भांडतात, न्यायाधिकरणे बसतात, बसगाड्या जाळल्या जातात, हे आपण पाहिले आहे. येथे दोन राज्यांनी पाण्यावरून भांडण्याऐवजी ते मिळून जमिनीत मुरविण्याचे ठरविले, ही शांततेच्या दृष्टीने मोठी घटना होय.

परंतु जमिनीखाली मुरलेले पाणी कोणाचे, हे त्या शास्त्राला ठाऊक नाही. ते बझाडा ठरवीत नाही, करार ठरवीत नाही. ज्याच्याकडे जमीन, वीज आणि पैसा आहे, त्याची मोटार सर्वांत आधी चालू होईल. सरकारी पैशाने मुरविलेल्या या पाण्यातून पिण्याचा वाटा आधी राखून ठेवावा, आणि तो राखण्याचा अधिकार ग्रामसभेला असावा, असे माझे मत आहे. मी अभियंता नाही. तज्ज्ञांना यात अडचणी दिसतील, त्या त्यांनी ग्रामसभेपुढे येऊन सांगाव्यात. मात्र हा विषय कालवे खोदून झाल्यावर नव्हे, आधी बोलला गेला पाहिजे. १९२३ चा ठराव आणि १९२७ चा सत्याग्रह यांमध्ये चार वर्षे गेली. त्या चार वर्षांत तळे कागदावर खुले होते.

शेवटी, मी येताना माझ्या पिशवीत एक बाटली आणली आहे, तीच ग्वाल्हेरची. दुपारी मी मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेच्या नळाचे पाणी तिच्यात भरले. या टेबलावर ती आपल्यासमोर आहे, तिच्यावर आजची तारीख आणि वेळ लिहिली आहे. आत्ता पाणी स्वच्छ दिसते, पण तिचा निकाल उद्या सकाळी कळेल. विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की उद्या प्रार्थनेनंतर ती सर्व विद्यार्थ्यांना दाखवावी. काळी पडली असेल तरीही दाखवावी, आणि कोणत्या टाकीतून ते पाणी आले हे मुलांबरोबर जाऊन पाहावे. बाटल्यांचा एक खोका मी कार्यालयात ठेवला आहे. ज्यांना आपल्या गल्लीतले, वस्तीतले, पाड्यावरचे पाणी भरून आणायचे असेल त्यांनी जाताना एकेक घेऊन जावी.